'हॉबिट' कथेची ध्वनिमुद्रित प्रत : तिचें पाठदृष्ट्या मूल्य

पोथ्या जमविणाऱ्या मंडळींत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. ग्रंथकर्त्यानें आपला ग्रंथ स्वमुखानें वाचला आणि तो यंत्रानें टिपून घेतला, तर त्या फितीस 'प्रत' म्हणावयाचें कीं नाहीं? कित्येकांच्या मतें ती केवळ करमणुकीची वस्तु होय. पाठनिर्णयाशीं तिचा संबंध नाहीं. उलट कित्येकांचें म्हणणें असें कीं, खुद्द कर्त्याचाच आवाज असल्यामुळें तिच्यापुढें हस्तलिखितें व छापील आवृत्त्या सर्वच गौण ठरतात. आमच्या मतें हीं दोन्ही विधानें सारखींच उतावळेपणाचीं आहेत. परंतु अशा वादाचा निकाल सामान्य सिद्धान्तांनीं लागत नाहीं. एखादी विशिष्ट प्रत घेऊन ती कसोशीनें तपासावी लागते. सबब प्रस्तुत लेखांत आम्ही एका परकीय फितीची तपासणी करणार आहों. परकीय घेण्याचें कारण इतकेंच कीं, तिचा काळ, तिचें स्थळ, तिचा कर्ता आणि तींतील मजकुराच्या छापील पाठांचा इतिहास हीं चारही अंगें निश्चितपणें ठाऊक आहेत.

या फितीचा कर्ता जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन (१८९२–१९७३). हे गृहस्थ ऑक्सफर्ड येथें १९२५ पासून १९४५ पर्यंत अँग्लो-सॅक्सन भाषेचे व त्यापुढें १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व वाङ्मय या विषयांचे प्राध्यापक होते. 'सर गवेन व हिरवा सरदार' या मध्ययुगीन काव्याची संशोधित आवृत्ति त्यांनीं ई. व्ही. गॉर्डन यांच्यासह १९२५ मध्यें काढली. म्हणजे लेखकप्रमाद, क्षेपक, पाठान्तर हे ज्यांचे नित्याचे विषय, अशांपैकीं हे एक. त्यांनीं आपल्या मुलांना सांगितलेली एक अद्भुतकथा पुढें लिहून काढली आणि ती 'द हॉबिट' या नांवानें लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन या प्रकाशकांनीं २१ सप्टेंबर १९३७ रोजीं प्रसिद्ध केली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १५०० होत्या. बिल्बो नांवाचा एक घरकोंबडा, ठेंगणा जीव तेरा खुजांच्या व एका जादूगाराच्या संगतीनें नागानें बळकावलेला ठेवा परत मिळविण्यास निघतो, ही तिची मूळ कल्पना. वाटेंत डोंगराच्या पोटांतील बोगद्यांत त्याला एक आंगठी सांपडते आणि तेथेंच एका काळ्या तळ्याच्या कांठीं राहणाऱ्या गॉलम नामक प्राण्याशीं त्याची कोड्यांची पैज लागते. हें पांचवें प्रकरण. आमच्या विवेचनाचा बराच भाग याच प्रकरणाभोंवतीं फिरणार आहे.

१९५२ च्या ऑगस्ट महिन्यांत टॉल्किन हे इंग्लंडांतील मॉल्व्हर्न येथें जॉर्ज सेयर यांच्या घरीं उतरले होते. सेयर हे तेथील विद्यालयांत इंग्रजीचे शिक्षक. 'हॉबिट'चा उत्तरभाग म्हणून आरंभिलेला आणि वाढतां वाढतां प्रचंड झालेला 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ त्या वेळीं पुरा लिहून झाला होता. परंतु तो छापण्यास कोणी तयार होईना. आपल्या पुराणकथांचा दुसरा संग्रहही त्याच्या जोडीनें निघावा असा कर्त्याचा आग्रह. तो मान्य करण्यास जुने प्रकाशक कचरले आणि ज्या नव्या प्रकाशकांशीं बोलणें चाललें होतें त्यांनींही त्याच वर्षीं अंग काढून घेतलें. टंकलिखित प्रत वाचण्यासाठीं सेयर यांच्याकडे होती. ती परत नेण्याच्या निमित्तानें हे तेथें गेले होते. मन खिन्न होतें. सायंकाळीं विरंगुळा म्हणून यजमानांनीं आपलें ध्वनिमुद्रणाचें यंत्र पुढें आणलें. टॉल्किन यांनीं तें संशयानें न्याहाळलें आणि आंत भूत असल्यास तें निघून जावें म्हणून प्रथम ख्रिस्ताची प्रार्थना गॉथिक भाषेंत त्यांत म्हटली! ही भाषा मृत होऊन कित्येक शतकें लोटलीं. चौथ्या शतकांतील वुल्फिला या धर्मोपदेशकानें केलेलें बायबलाचें भाषान्तर हाच तिचा मुख्य अवशेष. आणि त्या भाषान्तराची जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईनें लिहिलेली सहाव्या शतकांतील सुप्रसिद्ध पोथी स्वीडनांत उप्साला येथें जपून ठेविली आहे. भूत उतरविण्यास याहून जुना मंत्र त्या गृहस्थांस युरोपांतील त्यांच्या भाषाकुलांत क्वचितच मिळाला असता.

प्रार्थनेनंतर खरें वाचन सुरू झालें. 'हॉबिट'मधील कोड्यांचा प्रसंग, उत्तरग्रंथांतील कांहीं गद्य भाग (त्यांत रोहन देशाच्या घोडेस्वारांच्या धांवेचें वर्णन आहे) आणि बरींच पद्यें. आपला आवाज यंत्रांतून ऐकून ग्रंथकार खूष झाले व कांहीं काळानें त्यांनीं स्वतःसाठींही तसें यंत्र घेतलें. सेयर यांची फीत मात्र तेवीस वर्षें खासगींतच राहिली. कर्त्याच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, १९७५ मध्यें, न्यू यॉर्कच्या कॅडमन कंपनीनें तिच्यावरून दोन तबकड्या काढल्या.

या कंपनीच्या नांवाविषयीं येथें दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. बार्बारा कोहेन व मॅरियन रोनी या दोन तरुण स्त्रियांनीं ती १९५२ मध्येंच, म्हणजे मॉल्व्हर्नच्या त्या मुक्कामाच्याच वर्षीं, कवींचे आवाज मुद्रित करण्यासाठीं स्थापिली. कॅडमन हा सातव्या शतकांतील इंग्लंडचा निरक्षर गुराखी. बीड नांवाच्या साधूनें ७३१ मध्यें पुऱ्या केलेल्या इतिहासांत त्याची हकीकत दिली आहे : गाणें येत नसे म्हणून तो मेजवानीतून उठून गोठ्यांत गेला, तेथें स्वप्नांत त्यास काव्य स्फुरलें, आणि पुढें मठांतील पंडितच त्याच्या तोंडून पद्यें ऐकून तीं लिहून घेऊं लागले. बीडनें मूळ पद न देतां त्याचा केवळ लॅटिन अर्थ दिला. मूळ भाषेंतील पद निरनिराळ्या लेखकांनीं त्या लॅटिन पोथ्यांच्या समासांत, पानाच्या तळाशीं किंवा अखेरच्या पत्रावर टांचून ठेविलें, म्हणून तें वांचलें. मुखांतून निघालेलें काव्य मुख्य मजकुरांत न शिरतां कडेला कसें जगतें, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. असो.

आतां पाठाकडे वळूं. कोड्यांच्या प्रकरणाचे छापील पाठ दोन आहेत व ते एकमेकांशीं जुळत नाहींत. १९३७ च्या पाठांत गॉलम असें कबूल करतो कीं, आपण हरल्यास बिल्बोस एक भेट देऊं. ती भेट म्हणजे आंगठी. तो हरतो, शोधूं लागतो, आंगठी सांपडत नाहीं (ती आधींच बिल्बोच्या खिशांत असते), तेव्हां तो बिचारा क्षमा मागतो आणि भेटीच्या ऐवजीं बाहेरची वाट दाखवून देतो. उत्तरग्रंथ लिहितां लिहितां ही आंगठी घातकी व धन्याला गुलाम करणारी ठरली; अशी वस्तु कोणी पैजेवर लावील हें संभवेना. म्हणून १९४७ मध्यें टॉल्किन यांनीं प्रकरणाचा नवा पाठ तयार करून तो केवळ नमुना म्हणून प्रकाशकांकडे धाडला. पुढें त्याविषयीं कांहीं कळलें नाहीं. १९५० मध्यें नव्या आवृत्तीचीं मुद्रितें एकाएकीं हातीं आलीं, तों त्यांत तो नमुनाच छापलेला! ग्रंथकारांनीं विचार करून तो कायम केला व १९५१ मध्यें दुसरी आवृत्ति त्या पाठानिशीं निघाली. तींत पैज अशी : बिल्बो हरल्यास त्यास खावयाचें, जिंकल्यास वाट दाखवावयाची. आंगठीची भेट गेली. गॉलमची क्षमायाचना गेली. आणि तिच्या जागीं त्याचा खुनशी पाठलाग व बिल्बोच्या मनांत उपजलेली करुणा हीं आलीं. त्या करुणेवर पुढील तीन खंडांचा सारा शेवट उभा आहे.

ग्रंथकर्ता आपला पाठ बदलतो यांत नवल नाहीं. नवल हें कीं, या ग्रंथकर्त्यानें जुना पाठ खोडला नाहीं. त्याची उपपत्ति लावली. कथा ही एका जुन्या 'लाल पोथी'वरून उतरली आहे असें तो सांगतो. आणि उत्तरग्रंथाच्या उपोद्घातांत लिहितो कीं, भेटीची हकीकत ही बिल्बोनें आपला हक्क शाबीत करण्यासाठीं रचलेली थाप होती. तीच मूळ पोथींत राहिली व कित्येक नकलांतही उतरली. इतर नकलांत खरी हकीकत पर्याय म्हणून आली आहे. पुढच्या लेखकांस सत्य ठाऊक होतें, तरी मूळ पुरुषाच्या हातचें अक्षर पुसण्यास ते धजले नाहींत! ज्यानें नकलनविसांची ही भीड जन्मभर पोथ्यांत पाहिली त्यासच ही युक्ति सुचावी. संदिग्ध पाठ टाकण्याऐवजीं शेजारीं लिहून ठेवणारे लेखक आमच्या वाचकांच्या संग्रहांतही विपुल आहेत. वल्ली काल्पनिक, परंतु तिची शाखा खऱ्या झाडावरून तोडलेली आहे.

फितींतील वाचन नव्या पाठाचें आहे. पैजेच्या अटी बोलतांनाच तें उघड होतें : गॉलम भेट देत नाहीं, वाट दाखवूं म्हणतो. दुसरी आवृत्ति निघून जेमतेम एक वर्ष झालें होतें. तरीही वाचणाऱ्याच्या जिभेवर जुना पाठ कोठेंही डोकावत नाहीं. या अंशापुरती फीत म्हणजे १९५१ च्या मुद्रित ग्रंथाची नक्कल होय आणि अक्षरांच्या दृष्टीनें तिची किंमत मुद्रिताहून अधिक नाहीं.

स्वरांच्या दृष्टीनें मात्र अधिक आहे. गॉलम हें त्या प्राण्याचें खरें नांव नव्हे. गिळल्यासारखा एक ओंगळ आवाज तो घशांतून काढी, त्यावरून तें पडलें, असें कथेंतच म्हटलें आहे. छापील पानावर त्या आवाजाचीं पांच-सहा अक्षरें दिसतात. तीं कशीं म्हणावयाचीं हें पान सांगत नाहीं. फितींत तें ऐकूं येतें. घोट अडकावा तसा तो ध्वनि येतो; सकार लांबवून त्यांची शिटी होते; आणि बिल्बोचें साधें, काहींसें भेदरलेलें बोलणें त्याच्या शेजारीं निराळें उभें राहतें. निरुक्तकारांस शब्दाची व्युत्पत्ति सांगतां येते, ती ऐकवितां येत नाहीं. येथें ती ऐकूं येते.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गाऊन म्हणणारा, घाईनें म्हणणारा व लिहिलेलें पाहून वाचणारा हे तिघे येतात. टॉल्किन यांचें वर्गांतील बोलणें भरभर व अस्पष्ट असे, अशी त्यांच्या शिष्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. फितींत ते लिहिलेलें वाचतात, आणि गातातही! शिक्षाकारांच्या कसोटीस हे गुरुजी तीनदां नापास व्हावयाचे. प्रत्यक्षांत वाचन उत्तम वठलें आहे. आम्हीं शाळेंत तीस वर्षें मुलांकडून संथा म्हणवून घेतली. वाचणाऱ्यास अर्थ लागला आहे कीं नाहीं हें दुसऱ्या वाक्यालाच कळतें, एवढें त्या अनुभवावरून सांगतों.

येथपर्यंत फीत छापील ग्रंथाच्या मागून चालते. गाण्यांत तसें नाहीं. उत्तरग्रंथाच्या पहिल्या खंडांत सॅम नांवाचें पात्र एका राक्षसाचें विनोदी गाणें म्हणतें. तें एका जुन्या चालीवर म्हटलें, इतकेंच ग्रंथांत आहे. चाल कोणती तें नाहीं. फितींत टॉल्किन तें स्वतः गातात आणि चाल कोल्ह्याच्या एका जुन्या इंग्रजी लोकगीताची आहे. याची पूर्वपीठिका जुन्या पुस्तकांच्या शोधकांस रुचण्यासारखी आहे. हें गाणें मूळ टॉल्किन यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या मनोरंजनासाठीं रचलें होतें. १९३६ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं अशीं तीस गाणीं हातछापखान्यावर छापून एक चोपडें काढलें. त्यांपैकीं तेरा टॉल्किन यांचीं. या गाण्यास त्याच लोकगीताची चाल लावलेली. परंतु कर्त्यांची परवानगी घेतलेली नाहीं हें ध्यानांत आल्यावरून चोपडीं वांटलीं गेलीं नाहींत; तीं जेथें पडून होतीं ती इमारत महायुद्धांतील बाँबहल्ल्यांत जळाली. आज त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या आहेत.

आतां मुख्य मुद्दा. फितींत गायिलेलें हें गाणें १९५४ मध्यें पहिल्या खंडांत छापलेल्या गाण्याशीं जुळत नाहीं. पहिल्याच कडव्यांत यमकाचे शब्द व त्यांच्यामागून येणारें निरर्थक पालुपद हीं दोन्ही निराळीं आहेत. कर्त्याचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनीं पुढें वडिलांचे कच्चे खर्डे छापले; त्यांवरून असें दिसतें कीं, फितींतील पाठ ग्रंथरचनेच्या आरंभींच्या एका खर्ड्याचा, किंचित् फेरफार केलेला आहे. म्हणजे १९५२ च्या उन्हाळ्यांत कर्त्याच्या तोंडांत जुना पाठ होता. आमचा तर्क असा कीं, गद्य समोर ठेवून वाचलें आणि गाणें आठवणीनें म्हटलें. ज्यांस पाठांतराची संवय आहे त्यांस हें पटण्यास जड जाऊं नये. चालीवर बसलेला शब्द लेखणीच्या दुरुस्तीस लौकर दाद देत नाहीं. कागदावर नवा पाठ झाला तरी कंठांत जुनाच राहतो. कीर्तनकारांच्या तोंडचे अभंग आणि गाथेंतील अभंग यांत पडणारें अंतर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस निराळें सांगावयास नको.

दुसरें एक उदाहरण याहून सूक्ष्म आहे. टॉल्किन यांनीं कथेसाठीं व्याकरणासह भाषा निर्माण केल्या होत्या. त्यांपैकीं क्वेन्या या भाषेंतील एका राणीचें विलापगीत फितींत आहे. त्याचाही आरंभ छापील पाठाहून भिन्न आहे. आणि छापील पाठ तरी कोठें स्थिर आहे? १९६६ च्या सुमारास निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांतील एका क्रियापदास उपसर्ग जोडला गेला. तेव्हां या एका गीताच्या तीन अवस्था झाल्या व त्यांतील सर्वांत जुनी ध्वनींत आहे. कृत्रिम भाषेचा उच्चार तिच्या कर्त्याच्या मुखांतून ऐकावयास मिळावा हा योगही दुर्मिळच. दीर्घ स्वर किती लांबवावयाचा, आघात कोठें द्यावयाचा, हें परिशिष्टांतील नियमांत दिलें आहे, पण नियम आणि उदाहरण यांतील अंतर व्याकरण शिकविणारा प्रत्येक जण जाणतो.

तात्पर्य, एकाच फितीवर, एकाच मुक्कामांत, एकाच माणसाच्या आवाजांत तीन वेगळ्या प्रकारचे पाठ आहेत : गद्य कथा सर्वांत नव्या मुद्रित पाठाची, राक्षसाचें गाणें जुन्या खर्ड्याचें, विलापगीत मुद्रणपूर्व अवस्थेचें. आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. आपल्याकडे त्यास बाड म्हणतात. बाडांत एका हातानें लिहिलेलीं दहा प्रकरणें असतात. परंतु तीं दहा ठिकाणांहून उतरलेलीं असतात, आणि अक्षर एक म्हणून पाठ एका घराण्याचा असें कोणी जाणता संशोधक धरीत नाहीं. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कामीं भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं १९१९ पासून १९६६ पर्यंत जें धोरण ठेविलें, त्यांतही एकाच प्रतीचें मोल पर्वापर्वाला बदलतें असें दिसून आलें. फितीसही तोच न्याय लागू करावा. तिला प्रत म्हणावें, तिला स्वतंत्र संकेताक्षर द्यावें. परंतु कर्त्याच्या कंठाच्या भरंवशावर तिला संपूर्णपणें प्रमाण मानूं नये, आणि करमणूक म्हणून टाकूंही नये. कर्त्याचा आवाज हा त्या दिवशीं त्याच्या मुखांत काय होतें याचा पुरावा आहे. त्यास शेवटीं काय अभिप्रेत होतें याचा नव्हे.

दुसरा विचार नकलांचा. टॉल्किन यांच्या या दोन्ही ग्रंथांचीं हस्तलिखितें अमेरिकेंत मिल्वॉकी येथील मार्केट विद्यापीठानें १९५७ मध्यें १५०० पौंडांस विकत घेतलीं. तेथें जाऊन खोडलेली ओळ भिंगाखालीं धरतां येते. फितीच्या बाबतींत आपण बहुधा जें ऐकतों ती मूळ फीत नसते. १९७५ ची तबकडी ही मूळ फितीची निवडक, क्रम लावलेली नक्कल. पुढच्या कॅसेटी व चकत्या त्या नकलेच्या वंशांतील. चुंबकीय फितीवर खोडाखोड दिसत नाहीं, शाईचा रंग नाहीं, कागदाचा जलांक नाहीं. तुकडा कापून जोडला तरी कानास सांधा लागत नाहीं. म्हणून तबकडीवरील क्रमास मूळ वाचनाचा क्रम समजणें धोक्याचें. या तबकड्यांवर आरंभींची ती गॉथिक प्रार्थना घेतलेली नाहीं. तबकडी ज्यांच्या संग्रहीं आहे, त्यांनीं आपल्या सूचींत तिच्यापुढें, पोथीचें पहिलें पत्र गळालें असतां आपण जो शब्द लिहितों, तोच लिहावा : खंडित.